घरात एक माणूस हवा

खाटवाले कोणाच्याही घरी दोनदाच जायचे. एकदा खाट पोचवायला आणि एकदा परत आणायला. पहिल्या खेपेला घरातली झाडून सगळी माणसं दारात उभी असायची. डोकं उजेडाकडे करू की भिंतीकडे, गादी आत्ता घालू की मग, सगळे एकदम बोलायचे. दुसऱ्या खेपेला कोणी फारसं बोलायचं नाही. खाटवाले खाली बसून नट सोडवायचे, सांगाडा खांद्यावर घ्यायचे आणि 'येतो' म्हणून निघायचे. सवयीने म्हणायचे हो. कोण कशाला येतंय पुन्हा?

त्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. संस्थेत, गल्लीत, फोनवर, सगळीकडे आपले खाटवाले. वय सदुसष्ट, अंगाने काटक, आणि बोलायला इतके कंजूष की समोरच्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलंय.

संस्थेचं काम साधं. ज्या आजाऱ्याला दवाखान्यातून 'आता घरी न्या' असं सांगतात, त्याचे राहिलेले दिवस तरी दुखण्याशिवाय जावेत. घरी नर्स यायची, दुखणं थांबवणारी औषधं यायची, डोक्याकडून वर होणारी खाट यायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी यायची. सगळं फुकट. फुकट म्हटलं की लोक आधी संशयाने बघतात. मग एकदा आजारी माणूस रात्रभर न कण्हता झोपला की सकाळी सिस्टरच्या पाया पडायचेच काय ते बाकी ठेवतात.

सुरुवातीला यातलं काहीही नव्हतं. बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात एक टेबल, दोन कपाटं आणि एक निवृत्त मेट्रन, एवढीच संस्था. त्या मेट्रनना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. उंचीने हातभरच, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाचा कुत्रासुद्धा उठून नीट बसावा. खाटवाल्यांची बायको नुकतीच गेली होती. तिच्यासाठी घेतलेली लोखंडी खाट खोलीत नुसती पडून होती आणि तिच्या शेजारी यांना झोप येत नव्हती. कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून ते ती हातगाडीवर घालून बाईंच्या दारात घेऊन आले.

"ठेवा," बाई म्हणाल्या. "पण ही जोडणार कोण?"

"मी फिटर होतो. जोडीन की."

"मग उद्या सकाळी आठला या."

झालं! गेली अकरा वर्षं ते सकाळी आठला येत होते. एकाच्या चौसष्ट खाटा झाल्या. दुकानाच्या जागी आधी तीन खोल्या आल्या, मग कोणीतरी जुनी व्हॅन दिली, मग एका बंद छापखान्याची अख्खी इमारत मिळाली आणि तिच्यात सहा-सहा खाटांचे दोन वॉर्ड उभे राहिले. सिस्टर एकीच्या नऊ झाल्या. संस्था वाढली म्हणजे काय झालं, ते खाटवाल्यांच्या पाठीला विचारा. पण त्यांनी खाटेचं एकही हँडल कधी कुरकुरू दिलं नाही. आजाऱ्याला उठवताना खाटेने ओरडू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी तेलाची छोटी बाटली कायम खिशात.

संस्थेचा एक नियम होता, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. घरी सेवा हवी असेल, तर घरात एक माणूस हवा. दिवसरात्र राहणारा. त्याचं नाव, नातं, फोन कार्डावर लिहायचं. माणूस नसेल तर आजाऱ्याने वॉर्डात यायचं. हा नियम आला तो खाटवाल्यांमुळेच. पहिल्याच वर्षी एका एकट्या म्हाताऱ्याच्या खाटेचं चाक बसवायला ते गेले, तर तो दोन दिवसांपूर्वीच गेलेला. दार उघडल्यावर काय दिसलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुढे कित्येक दिवस दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवताना त्यांचा हात थांबायचा.

आता ती चूक कशी झाली, ते ऐका. ऑफिसात भिंतीवर दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर चालू घरांची कार्डं, खालच्या फळीवर खाट परत आणायची घरं. एक्केचाळीस नंबरच्या खाटेच्या कार्डावर सिस्टरने लागोपाठ दोन खेपांना 'घर बंद' लिहिलं होतं. घरातलं माणूस म्हणून भाचीचा नंबर होता, तो लागत नव्हता. घर बंद, फोन बंद, म्हणजे आजारी गेला आणि घरची माणसं नातेवाइकांकडे गेली, हे तिथे शंभरदा घडलेलं. ऑफिसातल्या ताईने जास्त विचार न करता कार्ड खालच्या फळीवर लावलं. दुसरीकडे कुठे असं झालं असतं तर लोकांनी आधी कुलूपवाल्याला बोलावलं असतं. इथे मरणाची इतकी सवय झालेली की तेच आधी सुचलं.

खाटवाले दोन जिने चढून गेले. खाट पोचवली तेव्हा आजारी माणूस अजून दवाखान्यातच होता, दार घरी भांडी घासणाऱ्या बाईने उघडलं होतं. दार नुसतं ओढलेलं होतं. ती बाई सकाळी लॅच न लावताच गेली असणार. "कोणी आहे का?" म्हणत ते आत शिरले, हातात पाना. आतल्या खोलीचं दार ढकललं.

"आहे," खाटेवरून आवाज आला. "अजून तरी आहे. बोला."

खाटवाल्यांच्या हातातला पाना पडला तो थेट त्यांच्याच अंगठ्यावर. पण कळवळायची सोय नव्हती. खाटेवर साठी उलटलेली एक बाई, हाडांचा नुसता सापळा, केस मात्र नीट विंचरलेले, त्यांच्याकडे रोखून बघत होती.

"खाट न्यायला आलात?"

खोटं बोलावं तर हातात पिशवी, दोऱ्या, सगळा मुद्देमाल. ते मान खाली घालून उभे राहिले. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात तसं झालं त्यांना.

"मला मारलंत तरी कधी?"

"सोमवारी," ते कसंबसं म्हणाले. "घर बंद होतं. दोनदा."

आणि ती बाई हसली हो! खोकला येईपर्यंत हसली. नवीन औषधाने दिवसभर गुंगी होती, सिस्टरने कडी वाजवलेली कळलीच नाही, असं तिने सांगितलं. खाटवाल्यांनी तिला पाणी दिलं, उशी सरळ केली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "भाची कुठे गेली?"

बाईचं हसू थांबलं. बाहेरच्या खोलीत चपलांचा एकच जोड होता, दांडीवर एकाच माणसाचे कपडे. खाटवाल्यांनी अकरा वर्षं लोकांची घरं आतून बघितली होती. त्यांना काय कळायचं ते कळलं.

"भाची समुद्रापलीकडे आहे," ती म्हणाली. "सात वर्षं झाली. तुमच्या कार्डावर कोणीतरी लागतं म्हणून तिचं नाव घातलं. सिस्टर आल्या की भाची नुकतीच दुकानात गेलेली असते. आता तुम्ही जाऊन सांगाल आणि मला उचलून वॉर्डात टाकतील."

"वॉर्ड चांगला आहे," खाटवाले म्हणाले. "उजेड आहे. सोबत आहे."

"सोबतीचंच तर मला नको आहे!" तिने उशीवर हात आपटला. "एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते मी. चाळीस बायका एका हॉलमध्ये, कानाला हेडफोन, डावीकडची कोपर मारतेय, उजवीकडची शिंकतेय, आणि दिवसभर परक्यांचं बोलणं कानात. तेव्हापासून एकच ठरवलं होतं, मरताना तरी खोली एकटीची असेल आणि दार माझं असेल. एवढं एकच मागतेय मी. जास्त आहे का?"

एकटेपणाला खाटवाले स्वतः घाबरायचे. संध्याकाळी खोलीवर जायला नको म्हणून संस्थेत नसलेली कामं काढून बसायचे. आणि इथे ही बाई तेच हट्टाने मागत होती. "सांगत नाही," ते म्हणाले. आपण असं का म्हटलं, ते त्यांना जिना उतरून खाली येईपर्यंत कळलं नाही.

ऑफिसात जाऊन ते एवढंच बोलले, "बाई आहेत. कार्ड वर लावा." ताईच्या तोंडचं पाणी पळालं. भाचीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

पण मन स्वस्थ बसेल तर ना! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते ऑपरेटर बाईंच्या दारात. हँडलला तेल घालायला आलो म्हणाले. संध्याकाळी पुन्हा, ब्रेक बघायला. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "अहो खाटवाले, त्या खाटेत आता तेल घालायला जागा नाही. तुम्हाला यायचंच असेल तर कारण न सांगता या." आणि उशीखालची जास्तीची किल्ली काढून दिली. मग रोजचंच झालं. पाणी भरून ठेवायचं, मऊ भात करायचा, गोळ्या क्रमाने मांडायच्या. दहा मिनिटं खुर्चीवर बसायचं, आणि बाईंनी "बरं" म्हटलं की उठायचं. जाताना आतलं दार लावून घ्यायचं.

"तुमच्या आवाजाला गंज चढलाय," एकदा त्या म्हणाल्या. "आवाजावरून मला माणूस कळतो. तुम्ही घरी गेल्यावर कोणाशीच बोलत नाही ना?"

"कोणाशी बोलू?"

"मीही नाही बोलत. पण मला आवडतं. तुम्हाला नाही आवडत. एवढाच फरक."

असे तीन आठवडे गेले. मग एका बुधवारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खाट पोचवायची होती, येताना व्हॅनने दगा दिला, आणि खाटवाल्यांची संध्याकाळची खेप चुकली. एक संध्याकाळ, काय होतंय, असं त्यांनी मनाला समजावलं. सकाळी सातला किल्लीने दार उघडलं, तर ऑपरेटर बाई मोरीच्या दारात जमिनीवर. आदल्या संध्याकाळी सहाला पडलेल्या. तेरा तास गार फरशीवर. शुद्धीवर होत्या, ओठ निळे पडले होते.

बारा वर्षांपूर्वी असतं तर खाटवाले तिथेच मटकन बसले असते. त्यांनी बाईंना उचललं, खाटेवर निजवलं, चादरीवर चादर घातली आणि सिस्टरला फोन लावला.

"तुम्ही सांगणार," त्या म्हणाल्या. आवाज जेमतेम फुटत होता.

"सांगणार."

"मग किल्ली टेबलावर ठेवा आणि चालू लागा."

सिस्टर आल्या, हाड मोडलेलं नाही म्हणाल्या, तसे खाटवाले किल्ली टेबलावर ठेवून निघाले. रस्त्याने येताना त्यांचे डोळे भरून येत होते आणि स्वतःचाच राग येत होता. गप्प बसले म्हणून ती बाई रात्रभर फरशीवर पडली होती, आणि बोलले की तिची खोली जाणार होती. दोन्हीकडून पाप त्यांच्याच माथ्यावर.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"किती दिवस ठाऊक होतं तुम्हाला?"

"तीन आठवडे."

"तुम्हाला! दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी समजू शकले असते. पण तुम्ही?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या दुपारी व्हॅन घेऊन जा आणि त्यांना इथे आणा. कोपऱ्यातली खाट देऊ. पडदा लावू."

खाटवाले हलले नाहीत.

"अजून काय?"

"कार्डावर माझं नाव लिहा," ते म्हणाले. "घरातला माणूस म्हणून."

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "खाटवाले, राग मानू नका. पण तुम्ही खाट ठेवून निघून येणारे. अकरा वर्षांत एका आजाऱ्याशेजारी अर्धा तास बसला नाहीत. पुढचे दिवस सोपे नाहीत. अंग पुसावं लागेल, औषध द्यावं लागेल, आणि शेवटी जे होतं ते डोळ्यांनी बघावं लागेल. जमेल?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले. खोटं बोलण्याचा त्यांना तीन आठवड्यांत पुरता वीट आला होता.

मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या, दोन जिने चढून, धापा टाकत. ऑपरेटर बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कार्ड पुढे केल्यावर त्यांनी ते बराच वेळ वाचलं. घरातला माणूस कोण, तेही वाचलं.

"घोरतात का हो हे?"

"मला काय माहीत!" मोठ्या बाई उखडल्या.

"थोडंसं," खाटवाले दारातून म्हणाले.

"मग बाहेरच्या खोलीत झोपायचं. माझं दार बंद राहील. तासातासाला 'कसं वाटतंय' विचारायचं नाही. मी हाक मारली तरच आत यायचं."

"चालेल."

"आणि नातं काय लिहायचं?" मोठ्या बाईंनी पेन उघडलं. खाटवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"लिहा, खाटवाले," ऑपरेटर बाई म्हणाल्या. "आहे तेच लिहावं माणसाने." आणि खाली सही केली.

तेवीस दिवस खाटवाले त्या घरात राहिले. एका पिशवीत दोन शर्ट आणि दाढीचं सामान, एवढाच संसार घेऊन गेले. पहिले दोन दिवस औषधाचे थेंब मोजताना घाम फुटायचा. मग सिस्टरने अंग पुसायला शिकवलं, कूस कशी बदलायची ते दाखवलं. फिटरच्या हाताला वजन कुठून उचलावं ते आधीपासून ठाऊक होतंच. बाईंचं दार बंद असायचं. बाहेरच्या खोलीत हे, आत त्या. दिवसभर दोघं बोलायची नाहीत. पण भिंतीपलीकडे कोणीतरी कूस बदलतंय, खोकतंय, पाण्याचा पेला ठेवतंय, हे ऐकून खाटवाल्यांना गाढ झोप लागायची. अकरा वर्षांत लागली नव्हती अशी. याची त्यांना लाज वाटायची. तिथे बाई संपत चालली होती आणि यांची तब्येत सुधारत होती.

जेवण मात्र ते दोघांचं करायचे. बाई दोन घास खायच्या, कधी तेवढेही नाही. तरी दोन ताटल्या.

तेविसाव्या दिवशी दुपारी सिस्टर येऊन गेल्या आणि जाताना खाटवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. थोड्या वेळाने आतून हाक आली.

"दार आज उघडंच राहू दे," ऑपरेटर बाई म्हणाल्या. "आणि बसा. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. आयुष्यभर लोकांची बोलणी चोरून ऐकली, नोकरीच होती ती. आता कोणीतरी माझ्याशी बोला."

खाटवाल्यांना दुसरं काय येतंय? त्यांनी खाटेबद्दल सांगायला सुरुवात केली. जुन्या खाटांची चाकं लोखंडी होती, फरशीवर खडखडायची, म्हणून त्यांनी रबराची बसवली. एका घरात दारच अरुंद निघालं तेव्हा खाट खिडकीतून दोराने चढवली आणि खाली अख्खी गल्ली जमा झाली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणायच्या, "पुढे?" मग हे पुढे सांगायचे. इतकं सलग ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. घसा कोरडा पडला, पण उठले नाहीत.

मग बराच वेळ 'पुढे' आलं नाही. त्यांच्या ते लक्षात आलं. तरी हातातली हकीकत अर्धी टाकवेना, म्हणून त्यांनी ती शेवटपर्यंत सांगितली. त्यानंतर उठून त्यांनी बाईंचे केस नीट केले आणि सिस्टरला फोन केला.

एक्केचाळीस नंबरची खाट त्यांनी त्यानंतर आठव्या दिवशी स्वतःच सोडवली. बाईंच्या वहीत सापडलेल्या नंबरवर भाचीशी बोलणं झालं होतं, तिने किल्ली घरमालकाकडे द्यायला सांगितलं होतं. घरात दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे निघताना 'येतो' म्हणायचीही सोय नव्हती. दोन जिने उतरून त्यांनी सांगाडा व्हॅनमध्ये घातला, संस्थेत नेऊन पुसला, चाकं बघितली. संध्याकाळी आपल्या खोलीवर गेले. एका माणसापुरता भात टाकला, तो जास्तच झाला.

दुसऱ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीचं दार वाजलं. त्यांना वाटलं शेजारचं वाजतंय. पुन्हा वाजलं तेव्हा उठले. दारात सिस्टर, खांद्याला पिशवी.

"खाट कुठे पोचवायचीय?" ते चप्पल शोधायला वळले.

"कुठेच नाही. मी तुमच्याकडे आलेय." सिस्टर आत येऊन स्टुलावर बसल्या. खोलीत बसायला तेवढंच होतं. "माणूस गेल्यावर आम्ही घरातल्या माणसाला भेटायला जातो ना, तशी आलेय."

हे काम संस्था करते हे खाटवाल्यांना ऐकून ठाऊक होतं. पण खाट उचलल्यावर घरांत काय होतं, ते बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"मी कोण हो त्यांचा?" ते म्हणाले. "तेवीस दिवसांचा तर सगळा मामला."

"कार्डावर तुमचं नाव आहे." सिस्टरने वही उघडली. "झोप लागते का?"

"लागते."

"जेवता का वेळेवर?"

ते 'हो' म्हणायला गेले. मग एकदम म्हणाले, "नाही. ताटली घेतली की नको वाटतं. ऐकू काहीच येत नाही हो या खोलीत. मला त्यांची फार आठवण येते, सिस्टर. फार म्हणजे फार." आणि सदुसष्ट वर्षांचा माणूस शर्टच्या बाहीने डोळे पुसत लहान मुलासारखा रडला. सिस्टरने घाई केली नाही.

पाऊण तासाने त्यांनी वही मिटली. "आता पुढच्या मंगळवारी येईन. तीनदा येतो आम्ही, तशी पद्धत आहे."

"तीनदा," खाटवाले म्हणाले. "आणि मग?"

सिस्टर गेली सहा वर्षं हे काम करत होत्या. हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "मग..." त्या म्हणाल्या. त्या पिशवीचा पट्टा नुसताच सारखा करत उभ्या राहिल्या.

खाटवाल्यांनाच त्यांची कीव आली. "राहू द्या," ते म्हणाले आणि दार उघडून धरलं. "तुम्ही मंगळवारी या. कधीही या. मी घरीच असतो."